घसा एकदम स्वच्छ

आमच्या घरात तीन पिढ्या लोकांना तोंड उघडायला लावण्याचा धंदा चालू आहे. आजोबा दात काढायचे. बाबा काढतात, आणि जमलंच तर वाचवतातही. मी दीड वर्षापूर्वी पदवी घेतली आणि बाबांच्याच दवाखान्यात दुसरी खुर्ची सांभाळायला लागले. दादा तेवढा फितूर निघाला. तो जहाजावर इंजिनियर आहे; वर्षातले आठ महिने त्याला कुणाच्याही तोंडात डोकवावं लागत नाही. मी त्याच्यानंतर अकरा वर्षांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आईला भरपूर त्रास देऊन उगवले. म्हणून घरात माझं नाव पडलं अक्कलदाढ. लाडात असले की नुसतं दाढे.

अशा घरात दादाने बायको आणली ती भूल देणारी डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलात नोकरी, हुशार, शांत. बाबांना सुनेचं कौतुक होतं, फक्त ते नेमकं कशाबद्दल करावं हे त्यांचं ठरत नव्हतं.

"सर्जन कापतो, कळलं. आपण उपटतो, तेही कळलं. ही काय करते? माणसाला झोपवते आणि शेजारी बसून राहते. हे तर माझे मेहुणे सभेत भाषण करून करतात. एका वेळी दोनशे माणसं."

वहिनी यावर हसायची. हसायलाही तिला थोडा वेळ लागायचा. आम्ही सगळे घाईचे. चहा उभ्याने, भांडण जिन्यात. वहिनी मात्र टाचणी पडली तर ती कुठे पडली हे आधी नीट बघणार, मग वाकणार, मग उचलणार. तोवर आम्ही तिघांनी मिळून नवी टाचणी आणलेली असायची.

तर तो मंगळवार. दादा जहाजावर होता.

बाबांचा घसा आदल्या संध्याकाळपासून दुखत होता. सकाळी अंगात ताप होता. बाबांनी कपाळाला दिवा बांधला, आरशासमोर उभे राहिले, 'आ' केलं आणि स्वतःची तपासणी करून निकाल दिला.

"घसा एकदम स्वच्छ. लाली नाही, सूज नाही, काही नाही."

"मग दुखतोय कशाला?" आईने विचारलं.

"सवय लागलीय त्याला लक्ष वेधून घ्यायची."

आणि ते खाली दवाखान्यात आले. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, दवाखाना खाली.

आता मी जे सांगते ते सांगताना मला अजूनही कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटतं. बाबा सकाळी नऊपासून दर मिनिटाला थुंकत होते. थुंकी गिळताच येत नव्हती त्यांना. दुसऱ्या कुठल्याही घरात माणूस असा थुंकायला लागला तर चार जण गोळा होतात. आमच्या दवाखान्यात खुर्चीला थुंकायचं भांडं जोडलेलंच असतं. थुंकणाऱ्या माणसाकडे बघून मला फक्त एवढंच वाटतं, की याचं काम नीट चाललंय.

बाबांचा आवाज बदलला होता. तोंडात काहीतरी गरमागरम धरून बोलावं तसा, दबलेला, जाड. तेही मला कळलं नाही. कारण कापसाचे बोळे, नळी आणि माझी दोन बोटं तोंडात असताना माणूस काय बोलतो ते समजणं, ही आमची रोजीरोटी. बाबा म्हणाले, "त्या पेशंटला सुई दे, माझं अंग जरा कसंतरी होतंय." मला शब्द न् शब्द कळला. मी स्वतःवर खूश झाले.

आणि ते पुढे वाकून, हनुवटी बाहेर काढून, हात गुडघ्यांवर टेकवून स्टुलावर बसले होते. पस्तीस वर्षं रोज पुढे वाकणाऱ्या माणसाला पुढे वाकलेलं बघून कोण चमकणार?

मी दुसऱ्या खुर्चीवरच्या पेशंटला सुई दिली. हा एक अगडबंब ड्रायव्हर होता, गाल फुगून पपईएवढा झालेला. "पाच मिनिटांत अर्धं तोंड बधिर होईल," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि डोळे मिटून देवाला हाक मारली.

तेवढ्यात मला तो आवाज आला. बारीक, शिट्टीसारखा, आत ओढला जाणारा. आमच्याकडे लाळ ओढून घ्यायचं यंत्र असतं, सक्शन म्हणतात त्याला. त्याची नळी गालाला चिकटली की अगदी असाच आवाज येतो. मला वाटलं, बाबांच्या खुर्चीचं सक्शन चालू राहिलं. मी बंद करायला गेले.

ते बंदच होतं.

आवाज बाबांमधून येत होता.

या क्षणी शहाण्या मुलीने काय करावं हे मला आता पाठ आहे. मी तेव्हा काय केलं ते सांगते. मी बाबांना खुर्चीत बसवलं, दिवा लावला, आरसा हातात घेतला आणि पायाखालचं पेडल दाबलं. आमच्या तीन पिढ्यांकडे जगातल्या प्रत्येक अडचणीवर हा एकच उपाय आहे: खुर्ची मागे, तोंड उघडं, आत बघू.

खुर्ची मागे जाऊ लागली. शिट्टी थांबली. शिट्टी थांबली म्हणजे बरं वाटलं असं नव्हे. आवाज यायलाही थोडी हवा लागते. बाबांचे डोळे मोठे झाले, त्यांनी माझं मनगट धरलं, आणि मी आयुष्यात कधी नव्हे इतक्या जोरात उलटं पेडल दाबलं. खुर्ची तिच्या सवयीप्रमाणे सावकाश, गुणगुणत वर आली. ती खुर्ची आणताना "हालचाल किती मुलायम आहे बघ" असं आम्हीच एकमेकांना म्हणालो होतो.

बाबा सरळ झाले, पुढे वाकले, हनुवटी बाहेर आली. शिट्टी परत सुरू झाली. त्यांचा रंग आम्ही दातांचे साचे करतो त्या प्लॅस्टरसारखा झाला होता.

मी आरसा खिशात टाकला आणि वहिनीला फोन लावला.

"वहिनी, बाबांचा घसा..."

"तू धावतेयस का?"

"नाही."

"मग धापा का टाकतेयस?"

"घाबरलेय."

"बरं. ते त्यांना कळू देऊ नकोस. फोन त्यांच्या तोंडाजवळ धर. त्यांना बोलायला लावू नकोस, नुसता धर."

मी धरला. भिंतीवरचा सेकंदकाटा मी इतका मन लावून कधी बघितला नव्हता. वीस सेकंद वहिनी फोनवर बाबांचा श्वास ऐकत होती.

"थुंकी गिळतायत?"

"नाही. थुंकतायत. सकाळपासून."

"सकाळपासून," वहिनी म्हणाली. ती एवढंच म्हणाली. त्यानंतर कित्येक दिवस आंघोळ करताना मला तो शब्द ऐकू यायचा. "ताप?"

"आहे. पण घसा स्वच्छ आहे, त्यांनी स्वतः बघितला आरशात."

"दिसणार कसा? जे सुजलंय ते जिभेच्या मुळामागे, खाली आहे. गळा वरून साफ आणि दुखणं जीवघेणं, हीच तर त्याची खूण. तू तोंडात काही घातलंस?"

"घालणार होते. खुर्ची मागे नेली होती."

"आता?"

"सरळ आहे."

"मग ऐक. श्वासनळीच्या तोंडावर एक झाकण असतं. ते सुजलंय. वाट अगदी फटीएवढी उरलीय. झाकणाला कुणी काही लावलं, ते घाबरले, खोकले, आडवे झाले, तर तेवढीही बंद होईल. म्हणून चमचा नाही, आरसा नाही, बोट नाही. पाणी नाही. गोळी नाही. बसलेत तसेच बसू दे. तिथला ऑक्सिजन दे, पण मास्क तोंडावर बांधू नकोस, समोर धर. नको म्हणाले तर लांबून धर. थोडक्यात, आपल्याला आता काहीही करायचं नाहीये. काहीही न करणं हे काम आहे. ते मन लावून कर."

"बरं."

"ॲम्ब्युलन्स पाठवते."

"वहिनी, ॲम्ब्युलन्स दारातच उभी आहे."

"कशी काय?"

"तिचा ड्रायव्हर माझ्या खुर्चीत आहे. अर्धं तोंड बधिर केलंय मी त्याचं."

दुसरं कुणी असतं तर निदान "काय?" म्हणालं असतं. वहिनी म्हणाली, "हात बधिर नाही ना केलेस? मग निघा. सायरन लावू नका. मी थिएटर तयार ठेवते."

मागे वळले तर आई जिना उतरून आली होती, हातात वाफाळता ग्लास.

"मिठाचं कोमट पाणी आहे. दोन गुळण्या करा आणि जरा आडवे व्हा."

दोन वाक्यांत आईने बाबांना मारायचे दोन उपाय सांगितले, तेही पदराने ग्लास धरून, प्रेमाने. मी मधे उभी राहिले.

"आई, काही द्यायचं नाही. आडवंही करायचं नाही."

"मग मी काय करू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय करू?"

सदतीस वर्षांच्या संसारात आईने हे काम कधी केलेलं नव्हतं. ती ग्लास घेऊनच गाडीत चढली.

बाबा गाडीतल्या मदतनीसाच्या सीटवर बसले, पुढे वाकून, मांडीवर स्टीलचा ट्रे घेऊन. मी समोर उकिडवी, मास्क लांबून धरून. जागा उरली ती फक्त स्ट्रेचरवर, म्हणून आई स्ट्रेचरवर. ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. सायरन लावायचा नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला; म्हणजे निम्मा पडला, उरलेला मी आधीच पाडला होता. गाडी मात्र त्याने अशी चालवली की आईच्या ग्लासातलं थेंबभर पाणी सांडलं नाही.

घाबरलेला माणूस आरडाओरडा करतो, हातपाय झाडतो, अशी माझी समजूत होती. बाबा एखाद्या हेडमास्तरांसारखे गंभीर, समोर टक लावून, एकेक श्वास मोजून घेत होते. सगळं लक्ष त्या एकाच कामावर. मला वाटलं, थोडा आराम पडलाय. नंतर कळलं, हवा जेमतेम पुरते तेव्हा माणूस ती भीतीवरही खर्च करत नाही.

हॉस्पिटलच्या दारात दोन वॉर्डबॉय आणि तातडीच्या विभागातला एक तरुण डॉक्टर तयारीत उभे होते. "गंभीर पेशंट येतोय, घसा, श्वास" एवढंच त्यांना ठाऊक होतं. गाडीचं मागचं दार उघडलं. आत तीन माणसं: स्ट्रेचरवर एक बाई, हातात ग्लास. आरसा खिशातून डोकावणारी एक मुलगी. आणि कोपऱ्यात एक शांत, टापटीप गृहस्थ. तेवढ्यात पुढून ड्रायव्हर उतरला: गाल पपईएवढा, ओठ लोंबलेला, तोंडातून लाळेची तार, आणि हातवारे करत जे बोलत होता त्यातलं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं.

त्यांनी ड्रायव्हरला उचललं.

तो नको नको म्हणत होता, पण ते 'नको' बधिर बाजूने येत असल्यामुळे त्याची तब्येत अधिकच बिघडल्यासारखी वाटत होती. दोघांनी त्याला स्ट्रेचरवर दाबून बसवलं. तरुण डॉक्टरने लाकडी पट्टी काढली आणि म्हणाला, "आ करा." ड्रायव्हर स्वभावाने आज्ञाधारक. त्याने त्या दिवशी दुसऱ्यांदा 'आ' केलं.

वहिनी तेव्हा दारातून बाहेर येत होती. हिरवे कपडे, डोक्याला टोपी. धावत नव्हती. ती चार पायऱ्या उतरली, तेवढ्यात तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. फुगलेल्या गालाकडे एक नजर, आईकडे एक, माझ्याकडे अर्धी. आणि दहा पावलांवरून ती सरळ सगळ्यात निरोगी दिसणाऱ्या माणसाकडे गेली.

तिने बाबांना हातसुद्धा लावला नाही. गाडीच्या पायरीवर उकिडवी बसली, तोंड त्यांच्या तोंडाच्या पातळीला आणलं आणि त्यांच्या गळ्याखालच्या खळगीकडे बघत राहिली. प्रत्येक श्वासाला ती खळगी आत ओढली जात होती. मी सकाळपासून त्यांच्या समोर होते. मला ती आत्ता दिसली, तीही वहिनी कुठे बघतेय ते बघितलं म्हणून.

"बाबा, मी आलेय. आपण आत जाऊ. तुम्ही बसलात तसेच बसून राहायचं. तुम्हाला कुणीही आडवं करणार नाही. कुणी करायला आलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा."

बाबांनी डोळे मिटून उघडले.

"मॅडम," वॉर्डबॉय म्हणाला, "थिएटरला पेशंट आडवाच न्यावा लागतो. नियम आहे."

"आज बसून जाईल. नियम विचारायला आला तर सांगा, मी नेलाय."

तरुण डॉक्टरला तोवर आपली चूक उमगली होती. ड्रायव्हरच्या तोंडातली पट्टी काढून तो लगबगीने आला. "मॅडम, निदान सलाईन लावू? रक्त? मानेचा एक एक्स-रे?"

"सुई टोचली की माणूस कळवळतो. कळवळला की जोरात श्वास ओढतो. जोरात ओढला की दार बंद." हे सगळं ती बाबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, पण त्याला नीट समजेल इतक्या सावकाश म्हणाली. "एक्स-रेची खोली तिकडे टोकाला. फोटो सुंदर येईल, पण तोवर पेशंट राहायला हवा. सगळं करू. आधी नळी, मग बाकी सगळं."

तो बिचारा ओशाळला. मी त्याच्याकडे बघून मान हलवली. मला त्याला सांगायचं होतं, तू निदान पट्टीच काढलीस, माझ्याकडे अख्खी खुर्ची होती.

व्हीलचेअर थिएटरच्या दारात आली तशी वहिनी थांबली. "दाढे, कपडे बदल. तू आत यायचंयस."

"मी? मी काय करू?"

"त्यांचा डावा हात धर आणि बडबड."

"काय बडबडू?"

"हे तू आजवर कधी कुणाला विचारलंयस का?"

आतली खोली थंड होती. बाबा टेबलावर बसलेलेच होते, पाय खाली सोडून, पाठीला उंच केलेली गादी. बाजूला कान-नाक-घशाचे सर्जन, जाडजूड गृहस्थ, हातमोजे घालून. त्यांनी बाबांच्या गळ्यावर औषध लावून ठेवलं होतं आणि पेनाने एक आडवी रेघ काढली होती. जवळ झाकलेला ट्रे. ती रेघ कशासाठी आहे हे बाबांना कळत होतं. मलाही कळत होतं. वहिनीला जमलं नाही, तर तिथे गळा कापून श्वासाला वाट करायची.

वहिनीने खोलीतल्या प्रत्येकाला त्याचं काम मोठ्याने म्हणायला लावलं. शाळेत हजेरी घेतात तसं. सिस्टर म्हणाली, मी औषधं. टेक्निशियन म्हणाला, मी नळ्या, तीन मापांच्या, लहानसुद्धा. वहिनी म्हणाली, "मी नाकातून जाणार. एकच प्रयत्न. नाही जमलं तर दुसरा करणार नाही, लगेच सर." सर्जन म्हणाले, "मी तयार उभा आहे. मला काम मिळालं नाही तर आजचा दिवस चांगला." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी बडबड," मी म्हटलं.

"करेक्ट," वहिनी म्हणाली.

तिने बाबांच्या नाकात थेंब टाकले, वाफेतून थोडं बधिर करणारं औषध दिलं, सगळं त्यांना आधी सांगून, मग थांबून, मग करून. मी हात धरला. बोलायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यात काही येईना. शेवटी म्हटलं, "बाबा, त्या ड्रायव्हरची वरची पहिली दाढ गेलीय. काढूनच टाकते. सोपंय. दोनच तर मुळं असतात तिला."

बाबांनी माझा हात आवळला. तीन असतात. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं.

"आणि बिनएक्स-रेचीच काढीन म्हणते."

हात अजून आवळला.

"अशाच चुका करत राहा," वहिनी मान न वळवता म्हणाली. "त्यांचा श्वास संथ होतोय."

मग मी दंतशास्त्राची अशी काही वाट लावली की कॉलेजने माझी पदवी परत घ्यायला माणसं पाठवली असती. सुळ्यांना सुळके म्हटलं. हिरड्या दर सहा महिन्यांनी बदलाव्यात म्हटलं. बाबांच्या बोटांनी माझ्या हाडांचा भुगा होत आला होता, आणि त्यांचं सगळं लक्ष माझ्या मूर्खपणावर होतं. नाकातून आत सरकणाऱ्या त्या बारीक, लवचीक दुर्बिणीवर नव्हतं.

माझं लक्ष पडद्यावर होतं. गुलाबी बोगदा, मग वळण, आणि मग ते दिसलं. वहिनीने नंतर सांगितलं, चांगलं झाकण पानासारखं पातळ असतं. हे पिकलेल्या टोमॅटोसारखं लाल, टम्म, चकचकीत होतं. सगळी वाट त्यानेच भरली होती. श्वासनळी कुठेच नव्हती. एका कडेला फक्त एक बुडबुडा आला आणि फुटला.

वहिनी थांबली. बुडबुडा आला तिथे तिने टोक नेलं, आणि काहीच केलं नाही.

बाबांनी श्वास घेतला. पेंगुळलेला डोळा किलकिला व्हावा तशी एक फट उघडली, मिटली. मी मनात ओरडत होते, घाल ना, घाल! वहिनीने ती फट जाऊ दिली. दुसरा श्वास. तीही जाऊ दिली. माझ्यासारखीने पहिल्याच फटीत मुसंडी मारली असती, झाकणाला धक्का दिला असता आणि सर्जनना काम मिळवून दिलं असतं. वहिनी फट किती वेळ उघडी राहते ते बघत होती. तिसऱ्या श्वासाला फट उघडली तेव्हा ती आत होती. कधी गेली ते मला दिसलं नाही. पडद्यावर एकदम स्वच्छ, गोल, वळ्यावळ्यांची नळी आली, आणि दुर्बिणीवरून श्वासाची नळी खाली सरकली.

मॉनिटरवर नळीतला श्वास दाखवणारी रेघ अजून सपाट चालली होती. ती उठली, डोंगर झाला, उतरली. पुन्हा डोंगर.

"हवा येतेय," सिस्टर म्हणाली.

सर्जननी ट्रेवरचा हात काढला आणि घसा खाकरला. स्वतःचाच घसा खाकरल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी बघितला नाही.

"झालं, बाबा," वहिनी म्हणाली. "आता झोपा."

आणि तेव्हा कुठे तिने ते केलं जे ती एरवी करते असं बाबांना वाटायचं. सगळं अवघड काम तिने माणूस जागा ठेवून केलं होतं.

मग मात्र सुया, रक्त, सलाईन, शिरेतून जंतूंवरची औषधं, सगळ्यांना आपापली हौस भागवू दिली. बाहेर येऊन तिने आईच्या हातातला गार पडलेला ग्लास काढून घेतला आणि शेजारी बसली.

"हे लहान मुलांना व्हायचं ना गं? माझ्या चुलतबहिणीच्या मुलाला झालं होतं असं ऐकलंय," आई म्हणाली.

"त्यांना आता लस मिळते, म्हणून मुलांमध्ये विरळ झालं. मोठे उरले. मोठ्यांना वाटतं, घसाच तर आहे."

आई औषध आणायला उठली तसं मी म्हटलं, "वहिनी, मी खुर्ची मागे नेली. थुंकत होते, आवाज बदलला होता, वाकून बसले होते. सगळं समोर होतं आणि मला रोजचं वाटलं."

वहिनीने विचार केला. तिचा विचार करून होईपर्यंत मी तीनदा जागा बदलली.

"सक्शन चालू आहे असं वाटलं म्हणालीस ना? मग तू ते बघायला गेलीस. आवाज सगळ्यांना येतो, दाढे. तो कुठून येतोय ते बघायला सगळे जात नाहीत. खुर्चीचं म्हणशील तर, ते आता तू जन्मभर विसरणार नाहीस. मला वेगळं रागवायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी झोपेचं औषध थोडं कमी केल्यावर बाबांनी खुणेने कागद मागितला. नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी एकच शब्द लिहिला: 'तीन'. आईला वाटलं, तीन दिवस झाले का विचारतायत. सिस्टरला वाटलं, तीन वाजले का. ड्रायव्हर रोज बघायला यायचा, त्याला वाटलं तिसऱ्या मजल्यावर न्या म्हणतायत. मी खाली मान घालून म्हटलं, "हो बाबा, तीन मुळं असतात."

शुक्रवारी सकाळी सूज उतरली होती. दुर्बिणीतून बघितलं तर झाकण पुन्हा पानासारखं होत आलं होतं. नळी लगेच काढता आली असती. वहिनीने काढली नाही. सर्जन दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. ते मोकळे होऊन शेजारी येऊन उभे राहीपर्यंत ती थांबली. नळीभोवतीचा हवेचा फुगा रिकामा करून, हवा कडेने जातेय का ते कान लावून ऐकलं. दोनदा ऐकलं. मग दुपारी दोन वाजता नळी काढली.

बाबा खोकले. श्वास घेतला. शिट्टी नव्हती. काहीच आवाज नव्हता. इतका नव्हता की आम्ही सगळे त्यांच्या छातीकडे बघत राहिलो, आणि ती आपली वरखाली होत होती, जणू हे काम कधी अडलंच नव्हतं.

घोटभर पाणी गिळलं. फाटक्या आवाजात "बरं आहे" म्हणाले. आणि तासाभराने, चार दिवसांत पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने, कुशीवर वळून झोपले.

आम्ही बाहेर बाकावर होतो. एकाएकी आतून एक भयंकर आवाज आला. खरखर, मग घरघर, मग एक लांब ओढ, मग शांतता, मग पुन्हा. सिस्टर धावली. मी धावले. तरुण डॉक्टर कुठून तरी धावत आला, या वेळी हातात पट्टी नव्हती. सर्जननी जाता जाता मोजे हातात घेतले.

वहिनी आधीच बाबांच्या डोक्याशी उभी होती. गळ्याखालची खळगी बघितली. बोटावरच्या यंत्राचा आकडा बघितला. श्वास ऐकला. आणि मग ती जे करताना मी कधी बघितलं नव्हतं ते तिने केलं. तिला नक्की सांगता येत नव्हतं, आणि ते तिने सगळ्यांसमोर सरळ कबूल केलं.

"आईंना बोलवा," ती म्हणाली.

आई आली. वहिनीने तिला बाबांच्या उशाशी आणलं, सगळ्यांना बाजूला केलं, आणि मोठ्या डॉक्टरांचं मत विचारावं तसं विचारलं, "आई, नीट ऐकून सांगा. हा आवाज नेहमीचा आहे का?"

आईने पदर सावरला. मान तिरकी केली. डोळे मिटले. आईने एक घोरणं पूर्ण ऐकलं, मधली शांतता ऐकली, दुसरं ऐकलं. घाई केली नाही.

"खालचा सूर त्यांचाच आहे," ती म्हणाली. "मधे थांबतात तेही त्यांचंच. शेवटी जी शीळ निघते ती उताणे झोपले की मोठी होते, कुशीवर एवढीच. सदतीस वर्षं ऐकतेय."

"नक्की?"

"अगं, या आवाजावर मी दोन मुलं वाढवलीत."

सर्जननी मोजे खिशात घातले. वहिनीने खाट थोडी उंच करून घेतली, बाबांच्या केसपेपरवर वेळ घातली आणि खाली लिहिलं: 'घोरणे. नेहमीचे. पत्नीने ऐकून खात्री केली.'

मग तिने आईसाठी स्टूल ओढलं आणि म्हणाली, "तासभर बसाल इथे? सूर बदलला तर मला हाक मारा."

आई बसली, आणि ऐकू लागली.